केझायाचा कागद

मी, एनॉक टॉलिव्हर, धंद्याने पिंपे बांधणारा, राहणार अलेक्झांड्रिया, डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया, वय अंदाजे एकसष्ट (जन्माची नोंद मालकाच्या वहीत होती आणि ती वही मला कोणी दाखवली नाही), हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. पायांना सूज आहे, जिना चढताना दम लागतो. मन शुद्धीवर आहे, मात्र गोंधळलेले आहे. मिस्टर पेनरोज म्हणतात की गोंधळलेल्या मनाला कायद्याची हरकत नसते, बिघडलेल्याला असते. तेव्हा चालेल.

मिस्टर एलिशा पेनरोज हे क्वेकर पंथाचे गृहस्थ, घड्याळे दुरुस्त करतात आणि माझ्या तोंडून ऐकून हे लिहून घेत आहेत. मला अक्षरे येतात ती पिंपावर डाग देण्यापुरती. त्यांच्या पंथात सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, न्यायाधीशालाही. त्यामुळे ते मला ‘तू’ म्हणतात याचा मला राग येत नाही.

सुरुवातीला मी त्यांना ‘अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नागरिक’ असे लिहायला सांगितले होते, कारण जनरल वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्राची सुरुवात तशी आहे आणि मृत्युपत्र म्हणून मला तेवढे एकच माहीत आहे. मिस्टर पेनरोज यांनी लेखणी वर धरली.

“एनॉक, हे लिहिलं तर कोर्टात कोणीतरी हरकत घेईल.”

“मग काय लिहिणार?”

“‘राहणार’ लिहितो.”

म्हणून ‘राहणार’ लिहिले आहे. 

कलम पहिले. माझा देह पाइनच्या फळ्यांच्या साध्या पेटीत ठेवावा. पेटी मीच बनवून ठेवली असती, पण जन्मभर गोल वस्तू केल्याने कोपरे मला जमत नाहीत. आमच्या पाद्रीबुवांनी प्रार्थना थोडक्यात आटोपावी. ‘या वृद्धाने त्या थोर पुरुषाला प्रत्यक्ष पाहिले होते’ हे वाक्य तेथे कोणीही म्हणू नये. दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, लोक मला बाकावर बसवतात, तंबाखू देतात आणि विचारतात, “म्हातारबा, कसे होते हो जनरल?” मी सांगतो, “उंच होते. घोड्यावर तर आणखीच उंच.” लोक खूश होऊन जातात. ते घरी असले म्हणजे रोज सकाळी शेतांची फेरी मारत आणि मी ज्या गिरणीवर त्यांचा गुलाम होतो तिकडेही येत, तेव्हा मी त्यांना पुष्कळदा पाहिले. ते माझ्याशी कधी बोलले असतील तर मला आठवत नाही. न्यायाला धरून एवढेच म्हणता येईल की मीही त्यांच्याशी बोललो नाही.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे दोन रंधे, खाच पाडायचे हत्यार, कडी ठोकायचा हातोडा, वाफवायची शेगडी, आणि जे काही भिंतीला टांगलेले आहे ते सगळे, मोझेस गॅस्किन याला द्यावे. फक्त लाकूड तासायची वाकस देऊ नये. मोझेस आणि मी एकाच गिरणीवर पिंपे बांधत वाढलो, एकाच दिवशी मोकळे झालो, आणि वीस वर्षांपूर्वी त्याने माझी वाकस दोन दिवसांसाठी नेऊन धार तुटकी परत केली. मी विचारले तर म्हणाला, “धार ठीक आहे, तुझी नजर गेलीय.” मी त्याला त्या गोष्टीची आठवण दर महिन्याला करून दिली आहे. वाकस माझ्याबरोबर पुरावी, म्हणजे तो दुसऱ्यांदा मागणार नाही.

(मोझेस या क्षणी खोलीतच आहे आणि म्हणतो आहे, “पुरा, पुरा. मातीतच धार येईल तिला.” मिस्टर पेनरोज विचारतात हे लिहू का. लिहा.)

कलम तिसरे. माझ्या बिछान्याखालच्या पेटीत एक छापील पुस्तिका आहे. ते जनरलसाहेबांचे मृत्युपत्र. ते वारले त्यानंतर थोड्याच दिवसांत ते छापून गावोगाव विकले गेले. मी ते मोकळा झाल्यावर पहिल्या मजुरीतून घेतले, वाचता येत नसताना. ते कोणाला द्यावे हे मला ठरवता येत नाही. कधी वाटते जाळावे, कधी वाटते काचेत लावावे. मिस्टर पेनरोज यांना विचारले तर ते म्हणाले, “मला नको, एनॉक. मी ते वाचलंय.” तूर्त पेटीतच राहू द्यावे.

मात्र त्याची हकीकत येथे लिहिणे भाग आहे, कारण त्याच्यावाचून पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत.

जनरलसाहेबांच्या इस्टेटीवर दोन प्रकारचे गुलाम होते. काही त्यांचे स्वतःचे, आणि काही त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाईसाहेब, यांच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतून आलेले. चाळी त्याच, भाकरी तीच, काम तेच. रविवारी नाचायला जमलो तर कोण कुठला हे आमचे आम्हालाही आठवत नसे. मी जनरलसाहेबांचा. माझी बायको डॉर्कस बाईसाहेबांकडची. मूल आईच्या बाजूला मोजतात, म्हणून आमची केझाया बाईसाहेबांकडची.

जनरलसाहेब गेले तेव्हा केझाया दोन वर्षांची होती. मृत्युपत्राची बातमी चाळीत आली की त्यांनी सगळ्यांना मोकळे केले आहे, बाईसाहेबांच्या पश्चात. गिरणीवरच्या कारकुनाने एका दुपारी आम्हाला त्यातला तो भाग वाचून दाखवला. आम्ही पिठाच्या पोत्यांवर बसलो होतो. डॉर्कस कडेवर पोर घेऊन दारात उभी होती. वाचून झाल्यावर तिने विचारले, “आणि मी?”

“तू यात नाहीस,” कारकून म्हणाला. “तू बाईसाहेबांच्या पहिल्या घरची. तुला सोडायचा जनरलसाहेबांना हक्कच नव्हता.”

“अहो, पण मी याची बायको आहे.”

“तेच तर लिहिलंय,” असे म्हणून त्याने तो मजकूर पुन्हा वाचला. मला समजला तो असा, की आपल्या लोकांची त्या दुसऱ्या लोकांत लग्ने झालेली आहेत, त्यामुळे बाईसाहेबांच्या हयातीत त्यांना मोकळे केले तर अडचणी येतील आणि मनाला फार यातना होतील.

परत जाताना डॉर्कस हसायला लागली. मला वाटले रडते आहे, म्हणून मी थांबलो. ती म्हणाली, “बघ एनॉक, एवढ्या मोठ्या माणसानं आपल्या लग्नाबद्दल लिहून ठेवलंय. अडचण म्हणून.”

त्यानंतरचे वर्ष विचित्र गेले. आमची सुटका बाईसाहेबांच्या मरणावर टांगलेली होती आणि ते त्यांनाही माहीत होते, आम्हालाही. त्यांना शिंक आली तरी चाळीत बातमी येई. कोणी त्यांचे वाईट चिंतत होते असे मी म्हणणार नाही. पण सगळ्यांचे कान मोठ्या घराकडे असत. शेवटी त्यांनी वाट न पाहता आम्हाला मोकळे केले, १८०१ सालच्या पहिल्या दिवशी. त्या सकाळी मी मोकळा झालो आणि कुठेही गेलो नाही. गिरणीवरच मजुरीने राहिलो. बायको तिथे, पोर तिथे, मी जाणार कुठे?

पुढच्या वर्षी बाईसाहेब गेल्या आणि त्यांच्याकडचे लोक चार नातवंडांत वाटले गेले. डॉर्कस एका वाट्यात गेली, केझाया दुसऱ्या. डॉर्कस नदीच्या वरच्या अंगाला एका दिवसाच्या वाटेवर. केझाया पाच वर्षांची होती, ती नदीपलीकडे. यात कोणी कायदा मोडला नाही. मी कितीदा तरी शोधून पाहिले, कोणी कुठे कायदा मोडला असता तर माझे डोके इतके फिरले नसते.

मला मोकळे करणाऱ्याचे उपकार मानावेत का? मानतो. मानले की डॉर्कसचे हसणे आठवते.

कलम चौथे. बॉटम्स भागातले माझे लाकडी घर, मागची पिंपांची शेड, विहिरीवरचा अर्धा हक्क आणि घरातील सर्व सामान माझी मुलगी केझाया हिला द्यावे. त्यात कोणाचाही दुसरा वाटा नाही.

तिला मी १८११ साली विकत घेतले. दहा वर्षे पिंपे बांधून साठवलेल्यात दोघींपैकी एकच येणार होती. मी डॉर्कसकडे गेलो. ती शेताच्या कुंपणाशी आली, हातात मक्याची टोपली होती. मी तिला सांगितले, आणि विचारले की काय करू.

“यात विचारायचं काय?” ती म्हणाली. “आधी पोरगी.”

“तू कशी आहेस पण?”

“मी आहे. मला सोडवून घरी नेशील, आणि मग मी काय करणार, तिच्या नावानं रडत बसणार? तिला आण. मी थांबते. थांबायची सवय आहे मला.”

मी केझायाला आणले. ती चौदा वर्षांची होती आणि मला ओळखत नव्हती. वाटेत पुलावर बसून आम्ही भाकरी आणि खारवलेली हेरिंग मासळी खाल्ली. ती मला ‘साहेब’ म्हणाली. मी म्हटले, “मी तुझा बाप आहे. आजपासून बाबा म्हण.”

तिने घास गिळला आणि विचारले, “हा हुकूम आहे का?”

मी हो म्हणावे की नाही, मला समजेना. पंचवीस वर्षे झाली, अजून समजलेले नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात डॉर्कस तापाने गेली. मला पुढच्या रविवारी कुंपणाशी गेल्यावर कळले. तेव्हा तिच्यासाठी साठवायला घेतलेल्या पैशातून पुढे हे घर झाले. म्हणून ते केझायाचे.

केझायाच्या खरेदीचा कागद माझ्या नावावर झाला. तेव्हा मी व्हर्जिनियाच्या हद्दीत राहत होतो आणि तिथला नवा कायदा असा, की मोकळ्या केलेल्या माणसाने वर्षाच्या आत राज्य सोडून जावे. वकील म्हणाला, “तिला आज मोकळी केलीस तर वर्षानं ती तुझ्याकडे राहू शकणार नाही. तुझ्याच नावावर असू दे. कागद पेटीत टाक आणि विसरून जा.” मी कागद पेटीत टाकला. सहा वर्षांनी आम्ही अलेक्झांड्रियात आलो. इथे तो कायदा नाही. तिला मोकळी करायला मला कोर्टापर्यंत चालत जायचे होते, पाच गल्ल्या. मी गेलो नाही. आधी पाऊस होता, मग काम होते, मग वकील आजारी होता, मग आठवले नाही. नंतरचे कारण पुढच्या कलमात आहे.

(मिस्टर पेनरोज यांनी येथे मला पाणी दिले व म्हणाले, “उरलेलं उद्या लिहू.” मी म्हटले, आजच.)

कलम पाचवे. टायटस वेब नावाचा जहाजांची शिडे शिवणारा मोकळा माणूस बारा वर्षांपूर्वी या गावी होता. तो जिथे सापडेल तिथे त्याला माझा रविवारचा काळा कोट द्यावा, आणि माझी माफी पोहोचवावी. मिस्टर पेनरोज म्हणतात, माफी ही स्थावरही नाही आणि जंगमही नाही, ती मृत्युपत्राने देता येत नाही. तरी लिहा.

१८२४ साली आमचे पुष्कळ लोक हैतीला गेले. तिथे आपलेच लोक राज्य करतात, जमीन मिळते, अशी हवा होती. टायटस निघाला. माणूस चांगला होता, दारू पीत नव्हता, शिलाई बारीक होती. केझाया त्याच्याशी लग्न करून बरोबर जाणार होती. तिने मला हे सांगितले तेव्हा ती गिऱ्हाइकाच्या पडद्यांना कड घालत होती. केझाया शिवणकामावर घर चालवते हे मी वर लिहिले नाही. ते इथे लिहितो.

मी म्हटले, “हैती म्हणजे काय पलीकडची गल्ली आहे?”

“नाही बाबा. म्हणूनच सांगतेय.”

“तिथं ताप असतो. बोली वेगळी. माणूस बुडाला तरी पत्र येत नाही.”

“मी सत्तावीस वर्षांची आहे.”

“तुझ्या आईच्या जागी तुला आणलं मी.”

“ते तुम्ही रोज सांगता. मी आईला पाच वर्षांची असताना शेवटचं पाहिलं. ती माझ्यासाठी थांबली, तुम्ही माझ्यासाठी राबलात, सगळं कबूल. आता मी जाऊ का?”

मी उत्तर दिले, “कागद माझ्याकडे आहे.”

हे शब्द मी बोललो. रागात बोललो असे लिहिले तर खोटे होईल. शांतपणे बोललो. मला भीती वाटत होती, एवढे खरे. केझायाने सुई कापडात टोचून ठेवली, पडद्याची घडी घातली आणि म्हणाली, “बरं.” टायटस त्या महिन्यात एकटा गेला. त्याची दोन पत्रे आली, मग आली नाहीत. तिने बारा वर्षांत ही गोष्ट पुन्हा काढली नाही. मला रोज जेवायला वाढले, पायांना शेक दिला. मी मनाशी म्हणायचो, ती राहिली, म्हणजे तिला राहायचे होते.

कलम सहावे. यात कोणाला काही द्यायचे नाही. मिस्टर पेनरोज विचारतात, मग हे कलम कशाचे? लिहा, गोंधळाचे.

गेल्या नोव्हेंबरात मोझेस आला आणि म्हणाला, “चल, जुन्या जागेवर जायचंय.”

“कशाला?”

“जनरलची नवी कबर बांधलीय ना, तिच्या भोवतालची माती खालीवर झालीय. सारखी करायची.”

“बोलावलंय कोणी?”

“कोणी नाही.”

“मजुरी?”

“नाही.”

“मग?”

“मला काय विचारतोस? येतोस का नाही तेवढं सांग.”

मी गेलो. आम्ही सगळे तिथलेच जुने, केस पांढरे झालेले, मोकळे लोक. काही दिवस माती ओढली, हिरवळीचे तुकडे बसवले. पाहायला आलेल्या गोऱ्या मंडळींनी टोप्या काढल्या. पेपरातही आले की आम्ही कृतज्ञतेने आलो होतो. कोणाची कृतज्ञता असेल, मी नाही म्हणत नाही. मोझेस एकदा तिथे रडला, ते मी पाहिले आणि दुसरीकडे पाहिले.

त्या कबरीपासून थोड्याच अंतरावर उतारावर आमच्या लोकांचे कबरस्तान आहे. दगड नाही, नाव नाही. माझी आई तिथे आहे. मी फावडे घेऊन तिकडे गेलो, तर झाडे वाढलेली, पाला पडलेला, मला जागा ओळखता येईना. एका ठिकाणी खळगा होता, तो मी भरला. ती माझी आई असेल किंवा दुसऱ्या कोणाची. मग परत येऊन जनरलसाहेबांच्या भोवतालची माती चोपली.

घरी आलो तेव्हा केझायाने बुटांचा चिखल पाहिला. “कशाला गेला होतात, बाबा?”

“मोझेस म्हणाला म्हणून.”

“मोझेसनं वाकस मागितली तर देत नाही तुम्ही.”

ती बूट घेऊन अंगणात गेली आणि घासत बसली. मी आज चार महिने विचार करतो आहे. ज्याने मला मोकळे केले त्याच्यासाठी गेलो, की ज्याने मला तोवर मोकळे केले नव्हते तो खरेच मेला आहे हे पाहायला गेलो, की आईकडे जायला मला दुसरे निमित्त नव्हते? यातले कोणते हे मृत्युपत्रात स्पष्ट करता आले असते तर बरे झाले असते.

कलम सातवे. माझी मुलगी केझाया, जी सन १८११ च्या खरेदीखतान्वये कायद्याने माझ्या मालकीची आहे, तिला मी माझ्या मृत्यूनंतर मोकळी करीत आहे, आणि त्यास माझ्या कोणाही

(येथे कलम अपुरे आहे. त्याचे कारण पुरवणीत आहे.)

पुरवणी, वरील मजकुरानंतर नऊ दिवसांनी लिहिलेली.

सातवे कलम मी तोंडाने सांगत असताना केझाया रस्सा घेऊन दारात आली होती. मिस्टर पेनरोज यांची पाठ तिच्याकडे होती. मी तिला पाहिले नाही. तिने वाडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “तुमच्या मृत्यूनंतर?”

मी म्हटले, “मृत्युपत्रात तसंच लिहितात, पोरी. जनरलसाहेबांच्या…”

“जनरलसाहेबांचं मला पाठ आहे. तुम्हीच शंभर वेळा वाचून घेतलंय माझ्याकडून.” मग ती हळू बोलायला लागली, आणि ती हळू बोलते तेव्हा मी ऐकतो. “बाबा, बाईसाहेबांना शिंक आली की चाळीत बातमी यायची, हे तुम्हीच सांगता ना? मग मी आता काय करायचं? तुम्ही रात्री खोकलात की भिंतीला कान लावायचा?”

“तसं नाही गं.”

“मग कसं आहे?”

मोझेस खिडकीशी उभा होता, तो बाहेर पाहायला लागला. मिस्टर पेनरोज यांनी लेखणी खाली ठेवली. केझाया म्हणाली, “खोकला येतो तेव्हा मी पाणी घेऊन धावते. धावताना मनात काय येतं ते मला पाहावं लागतं. दर वेळी. ते तुम्ही माझ्यावर आणलंत.” आणि ती स्वयंपाकघरात गेली.

रस्सा तसाच राहिला. मी मोझेसला म्हटले, “गाडी मिळेल का कोणाची?”

“कुठं जायचंय?”

“पाच गल्ल्या.”

त्याने पिठाच्या गाडीवाल्याला आणले. माझे पाय बुटात जाईनात, म्हणून ते फडक्यात गुंडाळले. मी केझायाला चल म्हटले. ती म्हणाली, “हुकूम आहे का?” मी या वेळी म्हटले, “नाही. येतेस का?” ती शाल घेऊन आली.

कोर्टातल्या कारकुनाने मोकळीक-पत्र लिहिले आणि नोंदवहीत केझायाचे वर्णन घालायला बसला, कारण मोकळ्या माणसाच्या कागदावर त्याची खूण लागते. त्याने उंची मोजली, वर्ण लिहिला. मग तिला बाही वर करायला सांगितली. डाव्या दंडावर आतल्या बाजूला एक जुना डाग होता, तळहाताएवढा, टोकाला निमुळता.

“हा कशाचा?” कारकुनाने विचारले.

“इस्त्रीचा,” ती म्हणाली. “सहा वर्षांची होते.”

त्याने लिहिले. मला तो डाग माहीत नव्हता. पंचवीस वर्षे ती माझ्या घरात आहे, माझ्या नावावर आहे, आणि एका परक्या कारकुनाला ते पहिल्या झटक्यात विचारायला सुचले. मी सही म्हणून माझा पिंपावरचा डाग काढला, वर्तुळात एक रेघ. कागद कारकुनाने माझ्या हातात दिला. मी तो केझायाला दिला. तिने तो दोनदा वाचला, उभ्या उभ्या, आणि छातीशी खोचला. आभार मानले नाहीत. मला ते बरे वाटले की वाईट, हे सांगता येत नाही.

जुने खरेदीखत मी त्याच दिवशी चुलीत घातले. तेव्हा सातव्या कलमात वर्णन केलेली मालमत्ता माझ्याकडे नाही आणि सबब ते कलम रद्द समजावे. चौथे कलम कायम आहे. मात्र तेथे ‘माझी मुलगी केझाया’ असे आहे त्या ठिकाणी ‘केझाया टॉलिव्हर, मोकळी स्त्री, शिवणकाम करणारी’ असे वाचावे.

तिने चार दिवसांनी सांगितले की ती फिलाडेल्फियाला जाणार आहे. कशासाठी, कोणाकडे, किती दिवस, ते मी विचारले नाही. विचारायचे नाही हे मला फार जड गेले. हैतीहून पुष्कळ लोक परत येऊन तिकडे राहिले आहेत एवढे मी ऐकून आहे. तिने माझ्यासाठी मोझेसच्या सुनेला जेवणाचे सांगून ठेवले, औषधाच्या बाटल्यांवर दोरे बांधून दिले, लाल सकाळी, पांढरा संध्याकाळी.

काल सकाळी आम्ही तिघे तिला धक्क्यावर पोहोचवायला गेलो. मी पिठाच्याच गाडीवर. बाल्टिमोरची बोट लागली होती, तिथून ती पुढे जाणार. फळीवर एका माणसाने तिचा कागद मागितला. तिने दाखवला, त्याने दंडावरचा डाग पाहिला आणि जाऊ दिले. अर्ध्या फळीवरून ती परत फिरली. गाडीजवळ येऊन माझी शाल गळ्याशी नीट केली. “रस्सा गार करून पिऊ नका,” म्हणाली.

“नाही पिणार.”

मग ती आणखी एक शब्द बोलली आणि निघाली. त्याच वेळी बोटीची घंटा वाजायला लागली, आणि तो शब्द ‘येते’ होता की ‘जाते’, मला नीट ऐकू आले नाही.

मी मोझेसला विचारले. तो म्हणाला, “येते म्हणाली. स्पष्ट.” मिस्टर पेनरोज त्याच्या शेजारी उभे होते. ते खोटे बोलत नाहीत, त्यांच्या पंथात शपथसुद्धा घेत नाहीत, कारण रोजचे बोलणेच खरे असायला हवे. त्यांनाही विचारले.

“एनॉक,” ते म्हणाले, “मला ‘जाते’ ऐकू आलं.”

“तुमच्या कानात घड्याळं असतात,” मोझेस म्हणाला.

“असतील.”

दोघांचे घरी येईपर्यंत त्यावरून चालले होते. मी गाडीवर पिठाच्या पोत्यांना टेकून ऐकत होतो.

घर दोन्ही बाबतींत तिचेच आहे. ती आली तर तिने त्यात राहावे. नाही आली तर तिला वाटेल ते करावे, विकावे, कोणाला द्यावे, पडू द्यावे. तिला तसे करण्यास माझी परवानगी आहे असे मिस्टर पेनरोज यांनी येथे लिहिले होते. ते वाक्य मी त्यांना खोडायला लावले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. खाली माझी खूण केली आहे.

एनॉक टॉलिव्हर, त्याची खूण: वर्तुळात एक रेघ.

आम्ही खाली नावे असलेले साक्षीदार असे लिहून देतो की सदर एनॉक टॉलिव्हर याने आमच्या समक्ष, शुद्धीत, ही खूण केली. केझाया टॉलिव्हर धक्क्यावर काय म्हणाली याबद्दल आमचे एकमत नाही, आणि ते तसेच नोंदवावे अशी मृत्युपत्र करणाऱ्याची इच्छा आहे.

साक्षीदार: एलिशा पेनरोज, घड्याळे दुरुस्त करणारे. सही.

साक्षीदार: मोझेस गॅस्किन, पिंपे बांधणारा. खूण: फुली.

ठिकाण: अलेक्झांड्रिया, डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया.

तारीख: एकोणतीस मार्च, सन अठराशे छत्तीस.